न पेटवायची हंडी

कासमभाई कुणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहत. यजमान सतरंजी झटकून "या, बसा" म्हणतोय, आतून पाण्याचा तांब्या येतोय, आणि हे उंबऱ्यातच उभे, मान मागे टाकून, डोळे आढ्याला लावून. कोणत्या तुळईला कडी आहे, ती गंजली आहे का, कोणत्या लाकडात किडा शिरला आहे, हे सगळं पाहून झालं की मग त्यांची नजर खाली उतरे आणि माणसाला सलाम मिळे. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, छतं राहत. एकदा एका गृहस्थाची ओळख पटवून देताना मी त्याचं नाव, गाव, मिशा, बायकोचं माहेर, सगळं सांगून थकलो. शेवटी म्हणालो की त्याच्या माजघरात सागवानी तुळई आहे. कासमभाईंचा चेहरा लगेच उजळला. "असं बोला ना पाटील. त्याले तं मी चांगला वयखतो."

मला ते पाटील म्हणत. आमच्या घराण्यात पाटीलकी कधीच नव्हती. हिवरखेडला काळी जमीन होती, ती माझ्याशिवाय सगळ्या भावांना कसता येत होती. माझा नांगर सरळ जाईना म्हणून वडिलांनी मला अकोल्याला एका कापसाच्या अडत्याकडे चिकटवून दिलं. तिथे माझं काम बोलण्याचं होतं. गिऱ्हाईक आलं की त्याला बोलण्यात गुंतवायचं, तोवर शेठजी कापूस चाचपून घेत. एवढ्या एका कामात मी कधी चुकलो नाही, आणि पुढे सगळा घात याच गुणाने झाला.

कासमभाईंचा धंदा हंड्या आणि झुंबरं भाड्याने देण्याचा. आता रॉकेलचे कंदील आल्यापासून त्या हंड्या कुणी पेटवत नाही, म्हणून सांगतो. काचेचं घागरीएवढं भांडं, तोंड उघडं, कडेला साखळ्या. त्यात निम्म्याच्या वर पाणी भरायचं, पाण्यावर तेलाचा थर सोडायचा आणि तेलावर पत्र्याच्या चकतीत तरंगती वात ठेवायची. हौशी लोक पाण्यात रंग घालत, कुणी हळद, कुणी मेंदी. मांडवात अशा हंड्यांची रांग पेटली की माणसं जेवायची विसरत.

त्या सालांत सातासमुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला होता. ज्यांच्या घरी दोन वेळा चूल पेटत नव्हती, त्यांच्या मांडवात हंड्या पेटू लागल्या. पूर्वी कासमभाई परगावी हंड्या नेताना कापसाच्या रुईत गुंडाळत. रुई महाग झाली तशी तणसात गुंडाळू लागले, आणि अमरावतीला पोचेपर्यंत गाडीत काच खळखळू लागली. तरी मागणी थांबेना. सगळे खुशीत असताना हा एकटा माणूस मान हलवी. म्हणे, "हंडी मोठी होऊन राहिली पाटील, पन कडी थेच हाय." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लग्नाला, धंद्याला, राज्याला, कशालाही लावत. "आधी कडी पाहा, मंग हंडी."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो शेठजींच्या पुतण्याच्या लग्नासाठी हंड्या ठरवायला. घर जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला. ओसरीवर आडव्या वाशाला हंड्या टांगलेल्या, त्या पाहता पाहता आतल्या खोलीच्या दारातून मला एक हिरवीगार हंडी दिसली. असा हिरवा रंग मी कधी पाहिला नव्हता. मेंदीचा नव्हे, कशाचाच नव्हे. मी म्हणालो, शेठजींना हीच पाहिजे.

"थे पेटत नसते," कासमभाई म्हणाले.

"का? फुटकी आहे?"

"नाई. तिच्यात लोक रायतात."

मी हसलो, आणि त्याच वेळी त्या हिरव्यातून काहीतरी रुपेरी वळलं आणि माझ्याकडे पाहू लागलं. मी दोन पावलं मागे सरलो. मागे तेलाची परात होती, तीत बसलो. त्या दिवशी सगळ्या बाजाराने मला चकाकत पेढीवर जाताना पाहिलं. शेठजींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की माल तपासून आलो.

त्या हंडीखाली खाटेवर कासमभाईंच्या बीबी, हलीमाभाभी, होत्या. हे मला नंतर कळलं, कारण परक्या बाईच्या खोलीत मी कशाला डोकावू. हंडीची साखळी बदलायला दुसरा हात पाहिजे होता म्हणून कासमभाईंनीच एकदा मला आत बोलावलं. मी दारात घुटमळलो तर म्हणाले, "या ना. आता पडदा कोनासाठी? थे कोनाले पायते? छताले."

भाभींना अर्धांगाचा झटका आला होता. एक अंग गेलं, वाचा गेली. मान वळत नव्हती. उरले होते डोळे आणि घशातून येणारा एक "हं." आजारापेक्षा वाईट हे की त्यांनी खाणं सोडलं होतं. पेज तोंडाला लावली की दात मिटून घेत. हकीम म्हणाला, औषध माझ्याकडे आहे, जगायची इच्छा माझ्याकडे नाही. मग कासमभाई एका दुपारी भाभींच्या शेजारी उताणे पडले आणि त्यांना काय दिसतं ते पाहू लागले. जन्मभर छतं पाहिलेला माणूस. तो मला म्हणाला, "पाटील, मले वाटे छत लय मोठी चीज हाय. तिच्यासंगं पडून पाह्यलं, काईच नाई तिथं."

भाभींचं माहेर मोर्णेच्या पलीकडच्या काठाला. लहानपण सगळं पाण्यात गेलेलं. म्हणून कासमभाईंनी मुंबईहून एक कोरी हंडी मागवली, तेलाचा थेंब न लागलेली, आणि खाटेच्या वर, हात पोचेल इतक्या खाली टांगली. तळाला नदीची धुतलेली वाळू, वर नदीचं पाणी, त्यात बोटाच्या पेराएवढे मासे. पहिले मासे दोनच दिवसांत उलटे झाले. दुसरेही. तेव्हा ते नदीवर जाऊन तासन् तास बसले. मासे कुठे राहतात ते पाहत बसले. मग त्यांनी डोहातलं लांब पातीचं गवत मुळासकट आणून वाळूत रोवलं, काच चाटायला दोन गोगलगाई सोडल्या, आणि पाणी टिकलं. रोज एक तांब्या पाणी काढायचं, माठात निवत ठेवलेलं नदीचं एक तांब्या घालायचं, बस्स. दुपारी खिडकीवरची चटई गुंडाळून उन्हाचा एक पट्टा हंडीवर घेत. ऊन लागलं की गवताच्या पातीवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटे, मोत्याची लड उसवावी तशी. जास्त ऊन झालं तर पाणी शेवाळे, म्हणून लगेच चटई खाली.

"पान्यात जीव ठेवाचा तं सावलीबी पान्यातच पाह्यजे," ते म्हणत.

आणि भाभी जेवू लागल्या. मासे फिरत असले की डोळे फिरत, डोळे फिरत असले की तोंड उघडे. एक मासा होता, शेपूट अर्धं तुटलेला, त्याचं नाव दुमकटा. तो दिसेपर्यंत त्या पहिला घास घेत नसत. त्याला गवतात लपायची खोड होती आणि कासमभाई वाटी हातात धरून त्याची मनधरणी करत, "निघ बाप्पा, पेज थंडी होऊन राहिली."

मी या संसारात मदत करायला लागलो. मदत म्हणजे काय ते ऐका. नदीला जायला वेळ नाही म्हणून एकदा मी शेठजींच्या विहिरीचं पाणी आणून माठ भरून ठेवला. आमच्या खारपाणपट्ट्यातली विहीर. ढोरं ज्या पाण्याला तोंड लावताना विचार करतात ते पाणी मी माशांना पाजलं. तीन मासे गेले. कासमभाई रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाटील, तुमची विहीर तुमच्यावानीच हाय. दिसाले गोड." पुढे एकदा सणाचा दिवस म्हणून मी माशांना बुंदीचा लाडू कुस्करून घातला. हंडी अशी नासली की खोलीत बसवेना. सगळं पाणी, सगळी वाळू काढून त्या माणसाने नव्याने नदी रचली, आणि ते होईपर्यंत भाभी उपाशी. तेव्हापासून मला हंडीला हात लावायची मनाई झाली. मला फक्त बोलायची परवानगी होती.

ते मी करू लागलो. संध्याकाळी पेढीवरून सुटलो की तिथे जाऊन बसायचं आणि दिवसभरात केलेले गाढवपणे सांगायचे. माल कमी पडत नसे. कासमभाई मांडीवर थापा मारत, आणि खाटेवरून "हं, हं" असा आवाज येई. तो भाभींचं हसणं. तो आवाज मी इतका कमावला होता की दरबारात मानाचं पागोटं मिळालं असतं तरी एवढा फुगलो नसतो. मला मनातून वाटे की मासे आपल्या जागी ठीक आहेत, पण बाईला जगवतोय तो मी.

त्या वर्षी लग्नांची एकच झुंबड उडाली. अमरावतीच्या राजापेठेत आमच्या शेठजींच्या व्याह्याकडे कार्य होतं आणि हंड्यांच्या गाड्यांबरोबर मला पाठवलं. मी पेठेत पोचलो, मांडव दिसला, यजमानाने हात जोडले, मी गाड्या सोडल्या. कासमभाईंच्या माणसांकडून एकूण एक हंडी टांगून घेतली, पेटवली, पंगतीत मानाने बसलो, जिलब्या खाल्ल्या, वधूवरांना आहेर केला, आणि हात धुताना मला कळलं की हे लग्न दुसऱ्याचंच. आमचं दोन गल्ल्या सोडून चाललं होतं, पलित्यांच्या उजेडात, आणि नवरदेवाची धुराने डोळे चोळचोळून पार दशा झाली होती. शेठजींनी मला कामावरून काढलं नाही ते केवळ शब्द सापडेनात म्हणून.

ही गोष्ट मी वाटभर घासूनपुसून तयार करत आणली. अकोल्याला उतरलो तो थेट कासमभाईंकडे.

दिवेलागण होत आली होती. पुढच्या मोठ्या कार्यासाठी ते हंड्या पारखत होते. काच कच्ची असली तर उष्णतेने तडकते, ती मांडवात तडकण्यापेक्षा घरी तडकलेली बरी, म्हणून ते सगळ्या हंड्या घरीच एकदा पेटवून पाहत. माणसांनी पाणी भरून ठेवलं होतं, काहींत मेंदीचा हिरवा रंगही. अंगणात रांग, ओसरीवर रांग, आत माजघरातही. कासमभाईंच्या हातात लांब नळीची तेलाची झारी. मी हातात वातींच्या चकत्या आणि पेटता काकडा घेतला आणि त्यांच्याबरोबर चालत गोष्ट सुरू केली.

मी ती गोष्ट माझ्या आयुष्यात सर्वांत चांगली तेव्हा सांगितली. ते झारी वाकवत, मी चकती सोडत होतो, काकडा लावत होतो, पुढे सरकत होतो. अंगण झालं, ओसरी झाली. जिलबीपाशी आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आढ्याकडे पाहिल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा तो माणूस त्या दिवशी वर पाहत नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. माजघरातून आम्ही भाभींच्या खोलीत शिरलो, कारण मला शेवट त्यांच्यासमोर सांगायचा होता. समोर हंडी होती, हिरवं पाणी होतं, हात पोचेल इतकी खाली होती. जन्मभराच्या सवयीच्या हाताने झारी वाकवली. मी चकती सोडली. मी काकडा लावला.

खाटेवरून "हं" आला. मी म्हणालो, "थांबा भाभी, अजून मजा पुढेच आहे." पुन्हा आला, "हं, हं, हं," असा कधीच आला नव्हता इतका जोरात. मी फुललो. आवाज चढवून मी नवरदेवाचे डोळे सांगितले, व्याह्यांची पगडी सांगितली. भिंतीवर गवताच्या हिरव्या सावल्या हलत होत्या, त्यासुद्धा मला माझ्या गोष्टीला डोलताना दिसल्या. गोष्ट संपली. कासमभाई डोळे पुसत मगरिबच्या नमाजाला गेले आणि मी ओट्यावर जाऊन वाहवा चघळत बसलो.

ते परत आले, पेजेची वाटी घेऊन आत गेले. नेहमीचे शब्द ऐकू आले, "निघ बाप्पा दुमकट्या." मग काहीच ऐकू आलं नाही.

मी आत गेलो तेव्हा वाटी जमिनीवर होती आणि त्यांनी पेटती वात नुसत्या हाताने मुठीत धरून बाहेर काढली होती. तेलाखाली मासे वर येत होते, तोंड तेलाला लावत होते आणि खाली जात होते. कासमभाईंनी कोपऱ्यातलं रुईचं पोतं फोडलं. ज्या रुईचा चिमूटभर तुकडाही ते त्या दिवसांत वाया जाऊ देत नसत, ती मूठमूठ पाण्यावर ठेवून तेल टिपू लागले. मीही टिपलं. मासे माठात टाकले. एकेक करून उलटे होऊ लागले. भाभी सगळं पाहत होत्या. मान वळत नाही त्या माणसाला डोळे मिटण्याखेरीज दुसरीकडे पाहता येत नाही, आणि त्यांनी ते मिटले नव्हते.

त्या हंडीवर पुढे राख झाली, रिठे झाले, ऊन झालं. काच स्वच्छ दिसे. नवे मासे सोडले की पाण्यावर डोळ्याला न दिसणारी साय धरे आणि सकाळी मासे वर. घरात एवढ्या हंड्या, पण प्रत्येकीने जन्मभर तेल प्यालेलं. मुंबईला कोऱ्या हंडीचा निरोप गेला. चैत्र होता, मोर्णेचे डोह आटत चालले होते. दुमकटा तेवढा माठात बरेच दिवस जगला. पण माठाला काच नसते. कासमभाई त्याला ओंजळीत धरून भाभींच्या डोळ्यांपुढे नेत, पाणी गळून जाईपर्यंत धरत, पुन्हा पळत माठाकडे जात. भाभी मात्र घास घेईनात. त्यांनी दात मिटून घेतले होते, आणि शेवटी शेवटी डोळेही.

मी एकदा न राहवून म्हणालो की सगळा दोष माझ्या जिभेचा. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. निदान शिवी देतील. ते म्हणाले, "हात माहा होता पाटील. तुमी बोलून राहिले होते. आवाज तं तिनं देल्ला ना. दोघायनं आयकला, अन् दोघायले वाटलं हासून राहिली."

भाभी गेल्या. कोरी हंडी त्यानंतर आली. कासमभाईंनी तणस न काढता ती तशीच माळ्यावर ठेवली. पुढे लढाई थांबली, कापूस पडला, मांडव विझले, आणि त्यांनी हंड्या मिळेल त्या भावाने देऊन टाकल्या. लोक म्हणाले मंदीने खचला. खरं कारण मला ठाऊक होतं, पण माझं बोलणं तेव्हाच कमी झालं होतं.

काही वर्षांनी मी अकोल्यात घर बांधलं. साधंच, पण माजघराच्या तुळईला मुद्दाम चांगल्या पोलादी कड्या बसवल्या. टांगायला काही नव्हतं. कासमभाईंना जेवायला बोलावलं. ते उंबऱ्यात आले, सलाम केला आणि सरळ आत येऊन बसले. नजर सतरंजीवर. मी पाणी दिलं, वाट पाहिली. शेवटी म्हणालो, "कासमभाई, कड्या बसवल्यात. पाहिल्या नाहीत तुम्ही."

"असतीन चांगल्या," ते म्हणाले.

जुनी खोड, मी कुठलीतरी गोष्ट काढली. त्यांनी तळहात वर केला. त्या तळहाताच्या मधोमध वातीचा डाग होता. "गोष्ट नका सांगू, पाटील. जेवू द्या."

आम्ही जेवलो. भाजी चांगली झाली होती असं ते म्हणाले.

ते वारल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. भाभींच्या खोलीत, त्याच खाटेवर ठेवलं होतं. खोली नुकतीच चुन्याने पांढरी केलेली दिसत होती. शेजारी म्हणाले, दर वर्षी स्वतःच्या हाताने करत. मी खाटेशी उभा राहिलो आणि मान मागे टाकून वर पाहिलं. कडी होती. कडीभोवती तळहाताएवढा काजळीचा डाग होता, एकाच संध्याकाळचा, पुसट झालेला. सगळ्या छताला चुना लागला होता. एवढ्या वर्षांत तेवढ्या जागेला कधी कुंचला लागला नव्हता.